पटकी, पाणी आणि अकरा पैसे

दिंडीचा इतिहास लिहायला बसलं की फड, वीणा, पखवाज, मुक्काम आणि अन्नदाते यांच्या नोंदी होतात. पटकीची नोंद मात्र सहसा कुणी करत नाही. तरी जुन्या काळी आषाढीची वाट आणि पटकी यांचं नाव जोडीनं घेतलं जाई. पावसाळ्याचं तोंड, एका मुक्कामाला हजारो माणसं, त्याच ओढ्यावर आंघोळ आणि त्याच ओढ्याचं पिणं. हा रोग रोग्याच्या विष्ठेतून पाण्यात जातो आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात. पाण्यातून तो पसरतो, हे १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो यांनी एका पंपाभोवतीचे मृत्यू मोजून दाखवलं. १८८४ साली कलकत्त्यात रॉबर्ट कॉख यांनी त्याचा जंतू ओळखला.

रोग कळला, पण करायचं काय? आणि सगळं करायला पैसा कुठला? हा प्रश्न सरकारपुढे होता, पंढरपूरच्या नगरपालिकेपुढे होता आणि भिशी गोळा करून चालणाऱ्या प्रत्येक दिंडीपुढे आजही आहे.

पहिला मोठा उपाय सुईचा. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९२ साली पटकीची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले. मुंबईच्या हाफकिन संस्थेला त्यांचंच नाव आहे. पुढे यात्रेकरूंना लस टोचणं सुरू झालं. जुन्या वारकऱ्यांना ती टोचणी, दुखरा दंड आणि अंगातली कणकण अजून आठवते. सुईचा एक गुण असा की ती दिसते. किती जणांना टोचलं हे वहीत लिहिता येतं. पण किती जणांना टोचलं आणि किती जण वाचले, हे दोन वेगळे आकडे आहेत. त्या जुन्या लशीनं साधारण निम्म्या लोकांनाच संरक्षण मिळे, तेही तीन ते सहा महिने. शिवाय टोचलेल्या माणसाच्या पोटातूनही जंतू पुढे जाऊ शकत. म्हणून १९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेनं परदेशी प्रवाशांवरची पटकीच्या दाखल्याची अट काढून टाकली.

इथे हिशेबाची रीत समजून घेऊ. समजा, एका उपायाला दहा हजार रुपये लागले आणि दोन जीव वाचले. दुसऱ्याला तीस हजार लागले आणि पंधरा वाचले. पावती पाहणारा पहिल्याला स्वस्त म्हणेल. पण पहिल्यात एका जिवामागे पाच हजार गेले, दुसऱ्यात दोन हजार. म्हणजे स्वस्त दुसराच. खर्चाला वाचलेल्या जिवांनी भागायचं, एवढीच ती रीत.

या रीतीनं पाहिलं तर पटकीच्या इतिहासातलं सर्वांत मोठं पान बंगालात लिहिलं गेलं. १९७१ साली पूर्व बंगालातून लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले. बनगावच्या छावणीत पटकी शिरली. खाटा भरल्या, रोगी जमिनीवर, आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मोजून पाण्यात मिसळला, पिंपांना तोट्या लावल्या आणि पाजण्याचं काम रोग्यांच्या आई-बापांवर, भावा-बहिणींवर सोपवलं. फार खालावलेल्यांसाठीच सलाईन राखलं. आधी शंभरातले तीसेक दगावत होते, ते प्रमाण चाराच्या आत आलं. एका लिटरचा खर्च होता सुमारे अकरा पैसे! एकाला दहा लिटर लागलं तरी द्रावणाला रुपया-सव्वा रुपया. यात डॉक्टर, तंबू, गाड्या यांचा खर्च धरलेला नाही, हेही सांगायला हवं. हिशेबात काय धरलं आणि काय सोडलं हे विचारल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नये.

नेमकं याच प्रश्नावर पुढे वाद झाला. १९७९ साली जूलिया वॉल्श आणि केनेथ वॉरन या दोघांनी गरीब देशांसाठी असाच हिशेब मांडला. एक मूल वाचवायला लस आणि मीठ-साखरेचं पाणी यांपेक्षा नळ आणि शौचालयं कितीतरी महाग पडतात, असं त्यांचं उत्तर आलं. मग नळ नकोतच का? टीकाकार म्हणाले, थांबा. नळ पटकीबरोबर हगवण, कावीळ आणि विषमज्वरही अडवतो. तो वर्षानुवर्षं टिकतो. बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरवतो. हे सगळे फायदे सोडून खर्च मात्र पूर्ण पटकीच्या खात्यात टाकला, तर नळ महाग दिसणारच.

दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे. आज रोगी समोर पडला असेल तर अकरा पैशांच्या पाण्याला तोड नाही. पण ते पाणी पडलेल्याला उठवतं. दुसरा पडू नये याची सोय त्यात नाही. ती सोय शुद्ध पाण्यानं आणि शौचालयानं होते. पालखीतळावर टँकर आणि फिरती शौचालयं येऊ लागली, त्यांचा खरा फायदा मोजायला अवघड, कारण आजारी न पडलेला माणूस कुठल्याच नोंदवहीत सापडत नाही. तो आपला हरिपाठ म्हणत पुढच्या मुक्कामाला चालू लागलेला असतो.

शतकपूर्तीच्या निमित्तानं दिंडीच्या खर्चाची वही उघडाल, माउली, तेव्हा मंडप, कमानी आणि सत्काराशेजारी तीन ओळी जरूर पाहा: पाण्याच्या टाकीत टाकायचं औषध, प्रत्येक तंबूत क्षारसंजीवनीची पाकिटं, आणि हात धुवायला साबण. तिन्ही ओळींचे आकडे लहान असतील. पण एका जिवामागे किती रुपये गेले, असा भागाकार केला तर वहीतला सर्वांत सार्थकी लागलेला पैसा तिथेच सापडेल.

राम कृष्ण हरी.