एका सिलॅबससाठी साडेचार महिने संप

आजचा एपिसोड छोटा आहे, पण विषय आपल्या सगळ्यांच्या डोक्याला ताप देणारा: कम्पल्सरी कोर्स. ‘विविधता आणि समावेशन’ असं टाइमटेबलवर दिसलं की बी.टेक.वाला पहिलं काय विचारतो? “क्रेडिट्स किती? अटेंडन्स लागते का?” अमेरिकेत मात्र अशा विषयांसाठी मुलांनी कॉलेज बंद पाडलं होतं.

६ नोव्हेंबर १९६८, सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेज. ब्लॅक स्टुडंट्स युनियन आणि थर्ड वर्ल्ड लिबरेशन फ्रंट यांनी संप पुकारला. निमित्त होतं जॉर्ज मरे या कृष्णवर्णीय शिक्षकाच्या निलंबनाचं. मरे ब्लॅक पँथर पक्षाचे. होय, ज्याच्यावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तोच पक्ष. मागण्या १५ होत्या. मुख्य दोन: आमचा इतिहास शिकवणारे विभाग काढा, आणि आमच्या वस्त्यांतल्या मुलांना प्रवेश द्या.

डिसेंबरमध्ये नवे अध्यक्ष हायाकावा स्वतः मुलांच्या ट्रकवर चढले आणि स्पीकरच्या वायरी उपटल्या. जानेवारीत शिक्षकांची युनियनही संपात उतरली. २३ जानेवारीला एकाच दिवशी चारशेहून जास्त जणांना अटक झाली. मार्च १९६९ मध्ये तडजोड झाली. मरे यांची नोकरी गेली ती गेलीच. ब्लॅक स्टडीजची आखणी करणारे नेथन हेअर यांनाही परत घेतलं नाही. पण त्याच वर्षी स्वतंत्र ‘स्कूल ऑफ एथ्निक स्टडीज’ सुरू झालं: कृष्णवर्णीय, आशियाई अमेरिकन, लॅटिनो आणि मूलनिवासी असे चार विभाग.

आता तुम्ही म्हणाल, उपयोग काय झाला? त्याच शहरातल्या हायस्कूलमध्ये नववीच्या, अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना हा विषय दिला गेला. २०१७ मध्ये छापून आलेल्या अभ्यासानुसार त्यांची हजेरी २१ टक्के पॉइंटनी वाढली, मार्कही सुधारले. शाळेतला निकाल कॉलेजला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे खरं. तरी २०२० मध्ये कॅलिफोर्नियाने कायदाच केला: कॅल स्टेटच्या प्रत्येक पदवीधराला ३ युनिटचा एथ्निक स्टडीज कोर्स सक्तीचा.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. १९६८ च्या मुलांनी ‘सगळ्यांशी नीट वागा’ असं लेक्चर मागितलं नव्हतं. त्यांनी विभाग मागितले, शिक्षक मागितले, प्रवेश मागितले. हे तिन्ही नसेल, तर दोन तासांचा ऑनलाइन कोर्स म्हणजे नुसतं सर्टिफिकेट. म्हणून पुढच्या वेळी असा विषय आला की क्रेडिट्सच्या आधी विचारा: शिकवणार कोण, आणि वाचायला काय देणार?

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!