बिल भरलं की सरकलं?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. मध्यंतरी एक गोष्ट घडली आणि ती घरात सांगायची लाज वाटत होती. आता मुलाला सांगून झाली आहे, तेव्हा तुम्हालाही सांगायला हरकत नाही. पण मी पडलो इतिहासाचा मास्तर. सरळ मुद्द्यावर आलो तर मी मास्तर कसला! तेव्हा आधी थोडं मागे जाऊन येऊ.

आमचं घर आर्वी तालुक्यात. आठ एकर कोरडवाहू, त्यात कापूस आणि तूर. मी सांगतो आहे ते १९६० च्या आसपासचं. घरात पैसा यायचा वर्षातून एकदा, कापूस विकला की. तेल, मीठ, गूळ, चहापत्ती मात्र रोज लागायची. या दोहोंच्या मधला पूल म्हणजे गावातल्या किराणा दुकानातलं आमचं खातं. शेटजींची लाल कापडी बांधणीची लांबोडकी वही होती. लिपी त्यांची महाजनी. त्या वहीत आमच्या नावावर काय लिहिलं जातं, ते आम्हाला वाचता येत नसे.

माझी आई निरक्षर. पण तिने एक युक्ती केली होती. माझ्या जुन्या वह्यांची कोरी पानं काढून, ती दाभणाने शिवून तिने घरची वही केली. दुकानातून आलो की माल खाली ठेवायच्या आधी मला ती वही काढावी लागे. "लिव्ह. गूळ एक शेर. घासलेट एक बाटली. किती सांगतले त्यानं?" चौथीपासून मी आईचा मुनीम होतो. दिवाळीच्या आधी वडील ती वही बंडीच्या खिशात घालून शेटजींकडे जात. दोन वह्या समोरासमोर यायच्या. दोन-चार आण्यांचा फरक निघायचा, थोडी बोलाचाली व्हायची, आणि मग लक्ष्मीपूजनाला नवीन वही उघडली की आमचं पान पुन्हा कोरं.

शेटजींची नजर तराजूवर असायची तशीच गिऱ्हाइकावरही असायची. एकदा मी साखर नेहमीपेक्षा जास्त मागितली तर म्हणाले, "काऊन रे, दुप्पट? पाव्हणे आले काय घरी?" आणि एका वर्षी पाऊस फसला तेव्हा म्हणाले, "तुह्या बाबाले सांगजो, आता मीठ-तेल नेत जा. बाकीचं कापूस निंघाल्यावर पाहू." मी ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. बाबा त्या रात्री काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा तंबाखू बंद झाला. मला शेटजींचा फार राग आला होता. आज वाटतं, माणसाने माणसाला घातलेली ती मर्यादा होती. ती टोचली, पण तिने आमचे आठ एकर वाचवले.

मात्र जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. माझ्या मामाची चार एकर जमीन अशाच एका वहीतून गेली. तो सावकार वेगळा. व्यवहार केव्हाचा, मुद्दल किती, व्याज किती, हे मामाला शेवटपर्यंत कळलं नाही. कागदावर अंगठा मात्र त्याचाच होता.

वर्गात मी मुलांना १८७५ चे दख्खनचे दंगे शिकवायचो. मे महिन्यात सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले आणि मग ते लोण पुणे-नगर भागात पसरलं. पुस्तकात ते एका परिच्छेदात संपतं. पण मला त्यात एक गोष्ट नेहमी महत्त्वाची वाटत आली. शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः सावकाराच्या जिवावर नव्हता. त्यांना हवी होती ती कर्जखतं आणि कागदपत्रं, आणि हाती लागली की ते ती जाळत. ज्या कागदाने बांधलं, तो आपल्याला वाचताच येत नाही, हा तो संताप होता.

त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी होता. त्यात एक साधीशी तरतूद होती. शेतकऱ्याने पैसे दिले की त्याला लेखी पावती मिळाली पाहिजे, आणि मागितल्यास त्याचं खातं पासबुकात मांडून दिलं पाहिजे. आपण वर्धेकर तेव्हा मध्य प्रांतात, म्हणजे तो कायदा आपल्याला नव्हता. आपल्याकडे १९३३ चा कर्ज तडजोड कायदा आला आणि पाठोपाठ १९३४ चा सावकारी कायदा. त्यातही सावकाराने कुळाचा हिशेब नीट ठेवावा आणि दरवर्षी त्याचा उतारा कुळाला द्यावा, हे बंधन आलं. म्हणजे पहा, एवढ्या सगळ्या झगड्याच्या मुळाशी एकच मागणी होती. माझ्या नावावर काय लिहिलं आहे ते मला दिसू द्या.

याच सुमारास आपल्या वर्ध्यात एक विलक्षण माणूस राहायला आला. जे. सी. कुमारप्पा. मूळ तंजावरचे. लंडनला हिशेबनिसाचं शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईत हिशेब तपासनीस म्हणून व्यवसाय केला, पुढे अमेरिकेत गेले आणि कोलंबिया विद्यापीठात प्रा. सेलिग्मन यांच्या हाताखाली अर्थशास्त्र शिकले. हे तेच सेलिग्मन, ज्यांच्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरही शिकले होते. आता गंमत अशी की याच सेलिग्मन यांनी १९२७ साली हप्त्याने विक्री या विषयावर दोन खंडांचा जाडजूड ग्रंथ लिहिला. मोटारगाड्या हप्त्याने विकल्या जाऊ लागल्या होत्या आणि उधारीवर चैन करणं बरं नव्हे, असं अमेरिकेतली जुनी माणसं म्हणत होती. सेलिग्मन यांनी हप्त्याची बाजू घेतली. हप्ता भरायचा असला की माणूस उलट नेटाने बचत करतो, असं त्यांचं म्हणणं.

अशा गुरूचा शिष्य आला कुठे, तर मगनवाडीत! १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचं ठाणं वर्ध्याला मगनवाडीत पडलं आणि कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. तेलघाणी, हातकागद, गूळ, मधमाश्या असे त्यांचे विषय. विकत घेणाऱ्यावरही जबाबदारी असते, वस्तू कुठून आली आणि कुणाच्या श्रमातून आली हे त्याने पाहिलं पाहिजे, असं ते सांगत. मी शाळेच्या सहलीबरोबर मगन संग्रहालयात कितीदा तरी गेलो असेन. दर वेळी मनात येई, गुरूने देणं सोपं कसं करावं ते सांगितलं आणि शिष्याने घेणं डोळसपणे कसं करावं ते.

मगनवाडीची जागा दिली ती जमनालाल बजाज यांनी. सीकरकडच्या खेड्यात जन्मलेला हा मुलगा वर्ध्याच्या शेठ बच्छराज यांच्या घरी दत्तक आला. पुढे तो गांधीजींचा मानसपुत्र आणि काँग्रेसचा खजिनदार झाला. त्याच बजाज घराण्याच्या उद्योगसमूहातून १९८७ साली दुचाकी-तीनचाकींना कर्ज देणारी एक कंपनी निघाली. आजची बजाज फायनान्स ती हीच. आज दुकानात फ्रीज घ्यायला गेलं की हप्त्याचं कार्ड आहे का, असं विचारतात. त्या कार्डाचं एक मूळ असं वर्ध्याच्या पेढीपर्यंत पोचतं. माझ्याजवळ जे कार्ड आलं ते मात्र या घरचं नव्हे. ते कुणाचं, ते इथे लिहीत नाही. चूक माझीच होती.

आता मुद्द्यावर येतो.

नोकरीत असताना लाईट बिल भरणं म्हणजे अर्धी रजा. वीज मंडळाच्या खिडकीपुढे रांग, सुटे पैसे नाहीत म्हणून कुरकुर, जेवणाची सुट्टी झाली की खिडकी बंद. घरात सगळा हिशेब आमची ही ठेवायची. दूध, पेपर, लाईट, सिलिंडर, सगळं एका दोनशे पानी वहीत. दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि वही बंद पडली. माझे गुडघे असे. म्हणून मागच्या दिवाळीत सूनबाई पुण्याहून आली तेव्हा तिने माझी सोय करून दिली. एका मोठ्या दुकानाचं बँकेबरोबर काढलेलं क्रेडिट कार्ड होतं, मर्यादा २५,००० रुपये. लाईट, गॅस, फोन, टीव्ही, शिवाय त्याच दुकानातला किराणा, सगळं त्या खात्यावर. ही बिलं आता भारत बिल पेमेंट व्यवस्थेतून जातात, २०२४ पासून तिला भारत कनेक्ट म्हणतात. बटण दाबलं की दोन मिनिटांत भरल्याचा संदेश. मला खरोखर फार आनंद झाला. रांग नाही, सुटे नाहीत, शिवाय वर काही पॉइंट जमा!

महिन्याच्या शेवटी कार्डाचा संदेश यायचा. त्यात दोन आकडे. टोटल ड्यू साधारण ६,००० आणि मिनिमम ड्यू ३००. सूनबाईने सांगितलं होतं, की बाबा, पूर्ण भरायचं. पण मला वाटलं, बिलं तर भरून झाली! लाईटवाल्यांकडे थकबाकी शून्य दिसते आहे, गॅसवाल्यांकडे शून्य दिसते आहे. मग हे ३०० म्हणजे कार्डाची महिन्याची फी असणार आणि तो मोठा आकडा म्हणजे महिन्याच्या खर्चाचा गोषवारा. लहान आकडा पाहून माणूस सुखावतो हो. मी ३०० भरले. पुढच्या महिन्यात ६००, त्याच्या पुढे ९००. फी वाढते आहे असं म्हणून कुरकुरलो, पण भरले.

पाचव्या महिन्यात लाईट बिल नापास झालं. मर्यादा संपली, असा निरोप. तेव्हा घाम फुटला. रात्री हिची जुनी वही काढली, कोरं पान उघडलं आणि चारही महिन्यांची स्टेटमेंटं समोर ठेवून आकडे मांडायला बसलो. चार महिन्यांत बिलं आणि किराणा मिळून २४,००० रुपये. मी भरलेले सगळे मिळून सुमारे १,८००. आणि व्याज व त्यावरचा कर? तोही जवळजवळ १,८००. म्हणजे मी जेवढं भरलं ते सगळं व्याजात गेलं आणि देणं २४,००० चं २४,००० च राहिलं. दरमहा साडेतीन टक्के. वर्षाचे बेचाळीस! जुन्या दामदुपटीच्या नियमात एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक थकलेलं व्याज वसूल करता येत नसे. मुंबई इलाख्यातली न्यायालयं तो नियम मानत. इथे तर तशी भिंतही नाही.

त्या रात्री एक गोष्ट कळली. मी बिल भरत नव्हतो, बिल सरकवत होतो. लाईटवाल्यांचं देणं कार्डवाल्यांच्या पानावर गेलं, एवढंच. एका ठिकाणी जमा झालं की दुसऱ्या ठिकाणी नावे पडतं, हे मी स्वतः मुलांना फळ्यावर शिकवलं आहे.

आणि याहून बोचरी गोष्ट पुढे आहे. माझ्या मामाला त्याचा हिशेब दिसत नव्हता, म्हणून तो बुडाला. मला तर सगळं दिसत होतं. प्रत्येक तारीख, प्रत्येक रुपया, व्याजाचा दरसुद्धा. किमान रक्कमच भरत राहिलात तर फेड महिने, वर्षं लांबेल आणि व्याजावर व्याज चढेल, अशी सूचना स्टेटमेंटवर छापावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांतही ती घातलेली होती. माझ्या स्टेटमेंटवरही होती. मी वाचली नाही. सुप्याच्या शेतकऱ्यांनी ज्या हक्कासाठी तुरुंग पाहिला, तो हक्क माझ्या खिशात होता आणि मी तो उघडून पाहिला नाही. माझ्या निरक्षर आईने मात्र आपली वही ठेवली होती. आणि मी बीए!

चार दिवस मुलाला फोन केला नाही. शेवटी केला. मला वाटलं होतं रागावेल. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "बाबा, सांगायचं ना आधी." मला एकदम दुकानातून परत आलेला तो मुलगा आठवला. शेटजींचं बोलणं त्याने त्याच संध्याकाळी घरी सांगितलं होतं. तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा होतो, पण शहाणा होतो. आता सत्तरी उलटली आणि लाजेने चार दिवस गप्प बसलो. शेटजी निदान विचारायचे तरी, काऊन रे, दुप्पट? कार्ड विचारत नाही. ते जात-पात, घर-दार पाहत नाही हे त्याचं मोठेपण आहे, आमच्या गावात सगळ्यांनाच काही खातं मिळत नव्हतं. पण ते तोंडाकडे पाहत नाही, हेही तितकंच खरं.

असो. साठवणीतले पैसे काढून सगळं देणं एकदाच फेडलं. कार्ड मोडलं नाही. गुडघे तेच आहेत आणि रांगेत मला आता उभं राहवणार नाही. फक्त हिच्या वहीत, तिने सोडलेल्या पानाच्या पुढे, मी लिहायला सुरुवात केली आहे. बिल भरलं की आधी वहीत, मग चहा. महिन्याच्या शेवटी फोन आणि वही समोरासमोर ठेवतो. गेल्या महिन्यात टीव्हीचे पैसे दोनदा कापले गेलेले सापडले, तेव्हा बाबांसारखाच मीही थोडी बोलाचाली केली. परत मिळाले हो!

तुमच्या घरी अशी एखादी वही होती का? कोण लिहायचं? आठवत असेल तर जरूर कळवा. आणि आई-वडिलांच्या नावाने कार्ड काढून दिलं असेल, तर महिन्यातून एकदा फोन करून तेवढं विचारा... काऊन, दुप्पट?