जास्वंदीच्या फांदीतून आलेला पाहुणा

उमरीच्या शिवारात कापूस, मळ्यात भेंडी आणि दारात जास्वंद. गणपतीला फूल हवे म्हणून जास्वंदीची फांदी या घरातून त्या घरात जाते. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ही तिन्ही झाडे एकाच कुळातली. त्यांचे रोगही कधीकधी सामाईक असतात.

भेंडीच्या शिरा पिवळ्या पडतात, त्याला आपले शेतकरी ‘केवडा’ म्हणतात. मुंबई इलाख्यातील या रोगाची पहिली नोंद कुलकर्णी यांनी १९२४ साली केली. १९४० मध्ये उप्पल, वर्मा व कपूर या शास्त्रज्ञांनी तो विषाणूजन्य असल्याचे दाखवले. पांढरी माशी रोगट पानाचा रस शोषते आणि विषाणू दुसऱ्या झाडावर नेते. पुढे परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे व नेरकर यांनी भेंडीचा तिच्या एका जंगली नातलगाशी संकर केला. त्यातून १९८५ साली ‘परभणी क्रांती’ हे वाण आले आणि केवड्याला बराच काळ आवर बसला. भाऊबंदांकडून रोग येतो, तसा उपायही येतो.

कापसाची कथा मात्र सीमा ओलांडून गेली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पाकिस्तानात मुलतानच्या परिसरात कापसाची पाने वळण्याची साथ पसरू लागली. १९९३ मध्ये हा रोग राजस्थानातील श्रीगंगानगर भागात दिसला. २००६ साली मुलतानचा हाच विषाणू थेट दक्षिण चीनमधील ग्वांगझू येथे सापडला, आणि तोही कापसावर नव्हे, शोभेच्या जास्वंदीवर! पुढील काही वर्षांत तो तिथल्या कापसावर आणि भेंडीवरही आढळला.

असे का व्हावे? कापूस हंगाम संपला की उपटला जातो. जास्वंद वर्षानुवर्षे उभी असते. शेत रिकामे असताना विषाणूला तिथे आसरा मिळतो. शिवाय रोगट झाडाची फांदी लावली, तर नवे रोपही रोगटच निघते. माशीला जे अंतर उडून कापता येत नाही, ते कुंडीतले रोप सहज कापते.

आपल्याकडे पिकावरचा रोग शेतात शोधण्याची रीत आहे. शोभेच्या झाडाकडे कोणी त्या नजरेने पाहत नाही. पाने वळण्यामागे फुलकिडे किंवा कोळीही असू शकतात, हे खरे. तरीही शिरा जाड, पाने आक्रसलेली अशा जास्वंदीची फांदी कोणी प्रेमाने देऊ केली, तर नम्रपणे नको म्हणावे. निरोगी झाडाची घ्यावी. गणपतीला तीही चालते, आणि शेजारच्या कापसालाही मानवते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)