खुणांची भाषा आणि तिचे दुभाषे

महोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगीं मंदिर कोणीं उभारिलें, घंटा कोणीं दिली, ह्याचें आपण कृतज्ञतेनें स्मरण करितों. परंतु ज्यास ती घंटा ऐकूं येत नाहीं, त्याच्यासाठीं काय झालें, हें पाहणेंही आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

इ. स. १६०५ च्या सुमारास संत फ्रान्सिस डी सेल्स ह्यांनीं मार्टिन नामक बधिर मनुष्यास हातांच्या खुणांनीं धर्मशिक्षण दिलें. अठराव्या शतकांत पॅरिस येथें आबे द लेपे ह्या धर्मगुरूंनीं बधिरांच्याच खुणा शिकून त्यांची शाळा चालविली. आमच्या मुंबईंत १८८५ सालीं बिशप लिओ म्यूरिन ह्यांनीं कर्णबधिरांची शाळा काढिली. ती हिंदुस्थानांतील पहिली गणली जाते.

तथापि १८८० सालीं मिलान येथील शिक्षकांच्या परिषदेनें खुणांपेक्षां मुखोच्चार श्रेष्ठ ठरविला होता, व जगभर दीर्घकाळ खुणांस शाळांतून मान राहिला नाहीं. जेथें भाषेसच भाषा म्हणत नाहींत, तेथें तिचा दुभाष्या कोण नेमणार? दवाखान्यांत व कचेरींत घरच्या माणसांसच मध्यस्थी करावी लागे. आणि घरच्यांस सांगतां येत नाहीं अशी गोष्ट बधिरानें कोणामार्फत सांगावी?

ही उणीव पुढें ओळखली गेली. १९८३ च्या धर्मसंहितेनेंही दुभाष्यामार्फत पापनिवेदन करण्याची मुभा कायम ठेविली व दुभाष्यासही गुप्ततेनें बांधिलें. त्याच वर्षीं वांद्रें येथें अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. २००१ सालीं तेथें सांकेतिक भाषेचा विभाग निघून दुभाष्यांचें रीतसर शिक्षण सुरू झालें. २०१५ सालीं दिल्लीस भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभें राहिलें. आतां बारावी उत्तीर्ण झालेल्या तरुणास दोन वर्षांची पदविका घेऊन हा व्यवसाय पत्करतां येतो. दुभाष्या हवा असल्यास शोधही अशा संस्थांतूनच आरंभावा. मात्र केवळ पुस्तकानें ही विद्या येत नाहीं. बधिरांच्या संगतींत बसूनच हात बोलूं लागतात.

पनवेलीहून वांद्रें कांहीं परदेश नव्हे. आपल्या धर्मग्रामांतील एक-दोघां तरुण-तरुणींनीं ही विद्या संपादिली, तर प्रवचनाच्या वेळीं कोणीही बधिर बंधु वा भगिनी नुसते ओठांकडे पाहत बसणार नाहींत. मार्ककृत शुभवर्तमानांत प्रभूनें बधिरास गर्दींतून एकीकडे नेलें, त्याच्या कानांत बोटें घातलीं, आणि मग शब्द उच्चारिला. प्रथम हात, मागाहून वाणी. हाच क्रम आम्हांस अनुकरणीय वाटतो.