व्याख्यानानंतरची बैठक



बेळगाव-निपाणीकडे बाहेरगावचे विद्वान येत राहिले, त्याचा इतिहास आपण बहुधा सभामंडपांवरून सांगतो. येथे १९२९ मध्ये शि. म. परांजपे, १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकर आणि २००० मध्ये य. दि. फडके यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलने भरली. १९४६ च्या संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला. हे सारे नोंदले गेले आहे. नोंदला गेला नाही तो एक लहान प्रघात: दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्या विद्वानाभोवती बसणारी पाचसहा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची बैठक. आज मी तिच्याविषयी बोलणार आहे.

या बैठकीची गरज आपल्या भूगोलातून निर्माण झाली. बेळगावची लिंगराज (१९३३) आणि राणी पार्वतीदेवी (१९४५) ही महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या काळात निघाली. १९४९ मध्ये कर्नाटक विद्यापीठ स्थापन झाल्यावर ती धारवाडच्या कक्षेत आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यही बदलले. निपाणीला लागून असलेल्या अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय (१९६०) मात्र कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले आणि ते तिकडे जोडले गेले. निपाणीचा विद्यार्थी राहायचा एका राज्यात, शिकायचा दुसऱ्या राज्यात. बेळगावच्या विद्यार्थ्याची परीक्षा धारवाडची, तर त्याच्या गावचा इतिहास ज्या मोडी कागदांत होता ते पुण्याच्या पेशवे दप्तरात नि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात. हे अंतर तोडण्यास पाहुणा विद्वान हाच दुवा होता.

माझ्या विद्यार्थिदशेतील अशी एक बैठक सांगतो. पुण्याहून आलेल्या एका अभ्यासकांसमोर आम्ही सहाजण बसलो होतो. एका मित्राने घरचा वतनाचा कागद आणला होता. त्यावर सन होता ‘इहिदे सबैन मया व अलफ’. इहिदे म्हणजे एक, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. मिळून शुहूर सन ११७१. इसवी सन कोणता, असे त्यांनी विचारले. तिघांनी १७७० सांगितले, तिघांनी १७७१. त्यांनी उत्तर दिले नाही. ‘महिना वाचा’ एवढेच म्हणाले. महिना फाल्गुन होता. हे वर्ष मृगापासून सुरू होते. म्हणून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. अर्थात तो कागद १७७१ चा ठरला. आदल्या संध्याकाळचे त्यांचे व्याख्यान उत्तम होते; पण पुरावा म्हणजे काय, हे आम्हाला त्या सकाळी कळले.

मोठ्या सभेत विद्वानाचे निष्कर्ष ऐकू येतात. ते कसे काढले, हे त्याच्या शेजारी बसल्यावाचून दिसत नाही. बर्लिनमध्ये रांके निवडक विद्यार्थ्यांना आपल्या घरी बोलावून मूळ साधने तपासायला लावीत. १९२१ मध्ये रवींद्रनाथांनी पॅरिसहून सिल्व्हाँ लेवी यांना शांतिनिकेतनात आणले, ते केवळ भाषणासाठी नव्हे, तर अध्यापनासाठी. आपल्या बैठकीमागे ना विद्यापीठाचा अध्यादेश होता, ना अनुदान. परंतु जात तीच होती.

२०१० मध्ये बेळगावातच राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले. जुने दस्तऐवज आता भ्रमणध्वनीवरही दिसू शकतात. तथापि कागद दिसणे निराळे आणि तो वाचता येणे निराळे. घरोघरच्या पेट्यांतील मोडी वाचणारी पिढी मावळत आहे. तिच्यामागून कोणी बसले नाही, तर सीमाभागाचा इतिहास दुसऱ्यांच्या निष्कर्षांवरच चालेल. सीमेचा वाद न्यायालयात सुटेल तेव्हा सुटो. आपले कागद वाचण्यास कोणत्याही निकालाची वाट पाहावी लागत नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. या स्मृतिव्याख्यानाच्या वक्त्याला दरवर्षी आणखी एक दिवस ठेवून घ्यावे. आठ महाविद्यालयीन विद्यार्थी निवडावेत. प्रत्येकाने एक कागद आणि त्यावर एक पान टिपण घेऊन यावे. खर्च एका मुक्कामाचा आहे. यंदाचा वक्ता या नात्याने मी उद्या सकाळी नऊ वाजता ग्रंथालयात बसेन.