पंप-अ‍ॅक्शन शॉटगन : रचना, हाताळणी आणि धोका

अमेरिकेत घराच्या संरक्षणासाठी बाळगल्या जाणाऱ्या शस्त्रांमध्ये आखूड नळीच्या पंप-अ‍ॅक्शन शॉटगनचे स्थान जुने आहे. सुटसुटीत यंत्रणा, माफक किंमत आणि जवळच्या अंतरावरील जबर मारा ही तिच्या लोकप्रियतेची कारणे होत. जॉन ब्राउनिंग यांनी घडवलेली विंचेस्टरची १८९७ ची बंदूक पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये वापरली गेली. या शस्त्राविरुद्ध जर्मनीने सप्टेंबर १९१८ मध्ये अमेरिकेकडे रीतसर निषेध नोंदवला होता. पुढे १९५० मध्ये आलेल्या रेमिंग्टन ८७० ने हा प्रकार पोलीस ठाण्यांपासून सामान्य घरांपर्यंत पोहोचवला.

'बारा बोअर' हा शब्द मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्यास एका गोळीचा जो व्यास येतो, तोच या नळीचा. म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर.

मुख्य नळीखाली दुसरी नळी असते. हे काडतुसांचे कोठार. बंदुकीच्या तळाकडील फटीतून काडतुसे एकामागून एक, पितळी बूड मागे ठेवून, अंगठ्याने आत सरकवली जातात. पुढचा सरकता दस्ता मागे ओढला की वापरलेले काडतूस बाहेर पडते आणि पुढे ढकलला की नवे काडतूस मुख्य नळीत बसते. ही हालचाल अर्धवट राहिल्यास काडतूस अडकते किंवा नवे काडतूस वर येतच नाही.

अपघाताचे मूळही याच रचनेत आहे. मुख्य नळीतील काडतूस काढले म्हणजे बंदूक रिकामी झाली, असा समज होतो. प्रत्यक्षात कोठारात काडतुसे शिल्लक असतात आणि दस्त्याच्या एका हालचालीने पुढचे काडतूस जागेवर येते. म्हणूनच दोन्ही ठिकाणे डोळ्यांनी पाहून आणि बोटाने चाचपून खात्री करण्याचा प्रघात आहे. बंदूक भरलेलीच आहे असे मानावे, तोंड सुरक्षित दिशेला ठेवावे, नेम निश्चित होईपर्यंत बोट चापावर नेऊ नये आणि लक्ष्यामागे काय आहे ते जाणून घ्यावे, हे चार नियम पाळले जातात. शेवटचा नियम घरात विशेष महत्त्वाचा. मोठ्या छर्‍यांच्या एका काडतुसात साधारणतः आठ-नऊ छर्रे असतात आणि अमेरिकी घरांतील जिप्समच्या पातळ भिंती ते सहज भेदतात. पलीकडच्या खोलीत मूल झोपलेले असू शकते.

अमेरिकेच्या १९३४ च्या संघीय कायद्यानुसार १८ इंचांहून आखूड नळीच्या शॉटगनची सरकारदरबारी नोंदणी आवश्यक ठरते. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवाना अनिवार्य असून, २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीच्या शस्त्रांची सर्वसाधारण मर्यादा तीनवरून दोनवर आणली.

बंदुकीने घर खरोखर सुरक्षित होते का, हा वाद जुना आहे. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बंदूक असलेल्या घरांत हत्येची जोखीम सुमारे २.७ पट आढळली. या निष्कर्षावर आक्षेपही घेतले गेले. मात्र बंदूक कुलूपबंद, काडतुसे वेगळ्या कुलपात आणि किल्ली मुलांच्या हाताबाहेर, याविषयी दोन्ही बाजूंच्या जाणकारांत फारसे दुमत नाही.