हैदराबादचे क्लोरोफॉर्म आयोग आणि गुंगीच्या औषधांची सुरक्षितता

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात मोडत होते. गुंगी आणणारे औषध रुग्णास नेमके कशाने घातक ठरते, या प्रश्नाचा एक मोठा प्रायोगिक शोध त्याच राज्याच्या राजधानीत घेतला गेला, ही गोष्ट मराठवाड्यातील अभ्यासकांनी ध्यानी ठेवण्याजोगी आहे.

क्लोरोफॉर्मचा वापर सिम्प्सन यांनी १८४७ मध्ये एडिंबरो येथे रूढ केला. पुढच्याच वर्षी इंग्लंडात हॅना ग्रीनर ही मुलगी त्या औषधाखाली दगावली, आणि प्रथम हृदय थांबते की श्वास, हा वाद माजला. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी श्वासपक्षाचे होते. त्यांच्या पुढाकाराने १८८८ व १८८९ मध्ये दोन आयोग बसले. दुसऱ्या आयोगासाठी सहाव्या निजामांनी १,००० पौंड दिले व ‘लॅन्सेट’ने लॉडर ब्रंटन यांस पाठविले. प्राण्यांवरील प्रयोगांतून निष्कर्ष निघाला तो असा की, श्वास आधी थांबतो. सबब लक्ष श्वासावरच ठेवावे.

हा निष्कर्ष अर्धाच खरा ठरला. क्लोरोफॉर्मची गुंगी हलकी असतानाच ॲड्रेनलिनच्या योगाने हृदय अनियमित थरथरू लागून मृत्यू ओढवू शकतो, हे गुडमन लेव्ही यांनी १९११ मध्ये सिद्ध केले. हलकी गुंगी ती निर्धोक गुंगी, हा समज तेथेच ढासळला.

मुखावाटे द्यावयाच्या औषधांचा इतिहासही याच वादाशी जोडलेला आहे. क्लोरल हायड्रेटचे रक्तात क्लोरोफॉर्म बनते, अशा कल्पनेने लीब्राइख यांनी १८६९ मध्ये ते निद्राकारक म्हणून पुढे आणले. कल्पना चुकली, औषध मात्र टिकले. पुढे दंतवैद्यकात, विशेषतः भेदरलेल्या बालकांसाठी, मिडाझोलम मुखावाटे देण्याची पद्धत रूढ झाली. येथे रुग्णाने हाकेला ओ देणे अपेक्षित असते. परंतु शिरेतून दिलेल्या औषधाप्रमाणे पोटात गेलेली मात्रा परिणाम पाहून थोडीथोडी वाढविता येत नाही. शोषण व्यक्तीगणिक भिन्न असते. पहिल्या मात्रेचा परिणाम पुरता दिसण्यापूर्वी दुसरी दिल्यास जागृत गुंगीची गाढ गुंगी होते. मिडाझोलमवर फ्लुमाझेनिल हा उतारा आहे, क्लोरलवर तसा नाही. आणि उतारा ओसरल्यावर गुंगी परतू शकते.

म्हणून श्वासावर अखंड लक्ष ठेवण्याचा हैदराबादचा दंडक आजही शिरोधार्य होय. नाडीची उपेक्षा मात्र त्याज्य होय. रुग्ण पूर्ण शुद्धीवर आल्यावाचून त्यास घरी धाडणे हाही त्याच निष्काळजीपणाचा प्रकार ठरतो.